रोयबू चांगला आहे

नीस्तोरनं आपल्या घोड्याला चांगलं म्हटलेलं मी एकदाच ऐकलं. त्याआधीची सगळी वर्षं तो त्याला शिव्याच देत होता, आणि त्यात काही वावगं नव्हतं. आमच्या खोऱ्यात जनावराला कोणी तोंडावर चांगलं म्हणत नाही. दृष्ट लागते. गाय दूध देत असली तर आटलीय म्हणायचं, वासरू धट्टंकट्टं असलं तर जगायचं लक्षण नाही म्हणायचं. घोड्याच्या कपाळावर लाल गोंडा बांधायचा, आणि कोणी कौतुकानं बघत उभं राहिलं की लगेच घोड्याची एखादी खोड सांगायची. खोड नसली तर बनवायची.

आम्ही दोघं एकाच जंगलात राबलो. मी करवतवाला. फरची झाडं पाडायची, फांद्या छाटायच्या, एवढं माझं काम. पाडलेला ओंडका डोंगरउतारावरून खाली रस्त्यापर्यंत आणायचं काम नीस्तोरचं आणि त्याच्या घोड्याचं. यंत्रं आली होती, पण आमच्या उतारावर यंत्र चढत नाही, आणि चढलं तर खालची कोवळी झाडं चिरडून टाकतं. म्हणून घोडे राहिले आणि घोड्यांमुळे नीस्तोरसारखी माणसं राहिली.

अंगानं तो बारीक होता. हात तेवढे दुसऱ्या कुणाचे तरी लावल्यासारखे मोठे. बाकीचे घोडेवाले ओंडक्याला साखळी अडकवायचे आणि घोड्याला म्हणायचे, ओढ. जमिनीत रुतलेला ओंडका हलवताना घोड्याला पहिला झटका सगळ्यात जड जातो. एकदा हलला की मग तो घसरत येतो. नीस्तोर लांब दांड्याची आकडी घेऊन आधी ओंडक्याचं टोक स्वतः उचलायचा, वाटेच्या रेषेत आणायचा, खाली एखादं गोल लाकूड सरकवायचा आणि मगच घोड्याला हाक द्यायचा. पहिला झटका त्याच्या स्वतःच्या पाठीत. प्रत्येक ओंडक्याला. पावसात, बर्फात, ताप असताना. इतकी मेहनत कोणी सांगितली नव्हती आणि कोणी मोजतही नव्हतं.

आणि हे करताना तोंड चालू. "ऊठ, मढ्या! कोल्ह्यांनी तुला परवाच न्यायला हवं होतं. त्यांनाही नकोस तू!" रोयबू तांबूस रंगाचा, पाठीनं रुंद घोडा. शिवी ऐकली की कान मागे टाकायचा, मान वळवायचा आणि नीस्तोरच्या डोक्यावरची टोपी दातांनी ओढून चिखलात टाकायचा. मग आणखी शिव्या. हे दिवसभर. आमच्या टोळीत कोणाला वेळ बघायला घड्याळ लागत नव्हतं. नीस्तोरचा आवाज बसला की समजायचं, घरी जायची वेळ झाली.

घरी त्याची बायको सावेता. ती तर नवऱ्यापेक्षा वरचढ. फाटकाशीच उभी असायची.

"आला का तुझा सांगाडा?"

"कोणता? मी की हा?"

"जो कमी खातो तो."

"मग मी."

"चल चल. काल अर्धी परात मक्याची उकड कोणी संपवली? घोड्यानं?"

बोलता बोलता तिचा हात रोयबूच्या मानेवरून फिरायचा, पट्ट्याखाली कातडं सोललंय का ते बघायचा. तोंडानं मात्र ती म्हणायची, "शी, काय हे रूप! याला बघून दूध नासेल."

जनावरांची डॉक्टरबाई आली ती आमच्या कामाच्या अखेरच्या काही वर्षांत. ठेकेदारानं नियम केला होता की जंगलात लाकूड ओढणारा प्रत्येक घोडा वर्षातून एकदा तपासायचा. तपासणीत पास झाला तरच त्याला जंगलात पाऊल टाकता येईल. आम्हाला वाटलं, लस टोचतील, दात बघतील आणि जातील. पण ही तपासणी वेगळी होती. घोडा आजारी आहे का एवढंच बघायचं नव्हतं. तो कसा जगतोय ते बघायचं होतं. खायला मिळतं का, पाणी पुरतं का, कुठं घासतंय का, माणसाला घाबरतो का, इतर घोड्यांत मिसळतो का. घोडेवाले हसले. कास्यान म्हणाला, "आमचं कोण बघतं हे सगळं?" कास्यान नीस्तोरचा शेजारी, त्याच्याकडे म्येर्ला नावाची काळी घोडी. बोलायला पुढं, कामाला जरा मागं.

डॉक्टरबाईचं नाव इलिंका, याश नावाच्या शहरातली. तरुण, उंच बूट घातलेली, आवाज स्वच्छ. पहिल्या वर्षी लाकूड कापायच्या गिरणीच्या आवारात सगळे घोडे रांगेनं उभे केले होते. ती प्रत्येकाला आधी विचारायची, मग हात लावायची. नीस्तोरचा नंबर आला.

"कसा आहे घोडा, काका?"

"मरायला टेकलाय."

"खातो का नीट?"

"कुठलं. वास घेतो आणि तोंड फिरवतो."

"लंगडतो?"

"चारही पायांनी."

डॉक्टरबाईनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं. रांगेत त्याच्या आधी जेवढे आले होते त्या सगळ्यांनी हेच सांगितलं होतं. त्यांच्या सांगण्याप्रमाणे त्या आवारात एकही जिवंत घोडा नव्हता. तिनं रोयबूच्या फासळ्यांवरून तळहात फिरवला, चारही खूर उचलून बघितले, त्याला चालवलं, पळवलं, मानेचं कातडं चिमटीत धरून सोडलं. मग मागं सरकली आणि मनापासून म्हणाली, "अहो, काय सुंदर घोडा आहे हा!"

कास्याननं डोक्यावरची टोपी काढली. नीस्तोरचा चेहरा असा झाला, जणू कोणी घराला काडी लावलीय. सावेता कुंपणापलीकडे उभी होती, ती तशीच आत घुसली.

"थुंका, डॉक्टरबाई."

"काय?"

"थुंका म्हणते ना! तीनदा. त्याच्याकडे तोंड करून. लवकर!"

डॉक्टरबाई थुंकली. तिला नीट थुंकताही येत नव्हतं, हनुवटीवरच आलं. सावेतानं आपल्या ओढणीनं तिची हनुवटी पुसली आणि म्हणाली, "आता म्हणा, रोगट आहे."

"रोगट आहे," डॉक्टरबाई म्हणाली.

"पुढचा!" सावेता ओरडली.

त्यानंतर डॉक्टरबाई शिकली. दर वर्षी गाडीतून उतरतानाच विचारायची, "काय नीस्तोरकाका, मेला का रोयबू?"

"अजून नाही. पण आज संध्याकाळपर्यंत जाईल."

"हं. म्हणजे ठीक आहे," असं ती पुटपुटायची आणि आपणहून बाजूला थुंकायची. नीस्तोर जेवढं वाईट सांगेल तेवढं बरं, हे तिला कळलं होतं. शिव्यांचा आवाज चढला की ती निम्मी तपासणी आधीच झाल्यासारखी मान हलवायची. तरी हात लावल्याशिवाय तिनं कधी कोणाला पास केलं नाही. काम पुरं करायची. त्याबद्दल मला तिचा आदर होता.

मग सावेता गेली. हिवाळ्यात, न्यूमोनियानं. ॲम्ब्युलन्स बर्फातून वर येऊ शकली नाही. नीस्तोरनं रोयबूला स्लेजला जुंपून तिला खाली मोठ्या रस्त्यापर्यंत नेलं. ती वाटेत गेली की दवाखान्यात, हे मी त्याला विचारलं नाही. पुरताना जमीन गोठलेली होती. आधी जमिनीवर शेकोटी पेटवून ती मऊ करावी लागली. आम्ही चौघांनी खणलं. नीस्तोरनं फावडं मागितलं, आम्ही दिलं नाही. तो बाजूला उभा राहिला.

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की पुरुष चाळीस दिवस डोक्यावर काही घालत नाहीत. त्या थंडीत नीस्तोर उघड्या डोक्यानं जंगलात यायचा. कानांच्या पाळ्या पांढऱ्या पडायच्या. पहिल्या आठवड्यातच कामावर आला. मी म्हटलं, "थोडे दिवस बस घरी." तो म्हणाला, "घोड्याला उभं ठेवून चालत नाही." एवढंच. मग ओंडक्याचं टोक उचललं, रेषेत आणलं, लाकूड सरकवलं. सगळं पूर्वीसारखं. तोंड तेवढं बंद.

आम्ही समजून घेतलं. दुःखात माणूस गप्प असतो, होईल नीट. चाळिसाव्या दिवशी चर्चमध्ये उकडलेल्या गव्हाचा गोड प्रसाद वाटला, जेवणं झाली, दुसऱ्या दिवशी नीस्तोर टोपी घालून आला. मी मोटरची करवत बंद करून बघत होतो. रोयबू टोपी ओढेल, नीस्तोर शिवी देईल, असं मला वाटत होतं. रोयबूनं मान वळवली नाही. टोपी त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर होती. नीस्तोरनं साखळी अडकवली. घोडा हाक न देताच चालू लागला.

त्या काळात रोयबूचं काम कधी नव्हतं इतकं सुधारलं. ओंडका जोडला की चालायचा, सोडला की थांबायचा. जिथं उभा केला तिथं उभा. माशा बसल्या तरी शेपूट हलायची नाही. नवीन माणसानं लगाम धरला तरी फरक नाही. आमच्यात अशा जनावराला गरीब म्हणतात. गरीब मूल, गरीब गाय, गरीब घोडा. यापेक्षा मोठं कौतुक नाही, आणि या शब्दाला दृष्टही लागत नाही, म्हणून तो मोकळेपणानं वापरतात. कास्यान म्हणायचा, "काय गरीब झालाय रे हा! माझ्या म्येर्लानं जरा शिकावं." मीही म्हटलं असेन. सगळेच म्हणत होतो.

नीस्तोरची निगा तसूभरही कमी झाली नव्हती. पहाटे उठून खरारा, कोमट पाणी, ओट, कोंडा, पायाला तेल. गोठ्याची जमीन माझ्या स्वयंपाकघराहून स्वच्छ. मी एकदोनदा सकाळी त्याच्याकडे गेलो. आत तो खरारा करत होता आणि घोडा भिंतीकडे तोंड करून उभा. दोघांचाही आवाज नाही. खराऱ्याचा तेवढा येत होता. मी थोडा वेळ थांबलो आणि परत आलो.

वसंतात डॉक्टरबाई आली. गाडीतून उतरता उतरता तिनं नेहमीचं विचारलं. सावेताचं तिला कोणी सांगितलेलं नव्हतं.

"काय नीस्तोरकाका, मेला का रोयबू?"

"नाही," नीस्तोर म्हणाला. "रोयबू चांगला आहे. चांगलं जनावर आहे."

माझ्या शेजारी उभा असलेला कास्यान झटकन थुंकला, तीनदा, नीस्तोरच्या वतीनं. दुसऱ्या कोणीतरी छातीवर क्रुसाची खूण केली. डॉक्टरबाईच्या ते लक्षात आलं नाही. ती खूश झाली. "वा! इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला सरळ उत्तर मिळालं."

नीस्तोर लगाम धरून उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं. ज्या माणसाला घोडा टिकवायचाय तो हे वाक्य बोलत नाही. दृष्ट लागली तर लागू दे, असं ठरवूनच माणूस हे बोलतो. किंवा काही न ठरवता.

डॉक्टरबाईनं तपासलं. वजन योग्य. पट्ट्याखाली ओरखडा नाही. चाल सरळ. पाणी पुरेसं. दात ठीक. "हात लावावा असा घोडा आहे," म्हणाली आणि सवयीनं थुंकली. मग तिनं पुढचा भाग सुरू केला, जो आम्हाला नेहमी पोरखेळ वाटायचा. चार पावलं लांब उभी राहून घोड्याकडे नुसतं बघायचं. मग समोरून चालत जायचं. मग बाजूनं. मग हनुवटीखाली हात ठेवायचा.

ती समोरून गेली. रोयबूचे कान हलले नाहीत. बाजूनं गेली, डोळा तिच्याबरोबर फिरला नाही. तिनं टाळी वाजवली. मग कास्यानला म्हणाली, "तुमची घोडी याच्यासमोरून न्या." म्येर्ला खिंकाळली, मुद्दाम अंगाला घासून गेली. रोयबू खालच्या दगडाकडे बघत होता, बघतच राहिला.

"हा कधीपासून असा आहे?"

"कसा?" कास्यान म्हणाला. "गरीब आहे हो. हिवाळ्यापासून अगदी गरीब झालाय."

"हा गरीब नाही," डॉक्टरबाई म्हणाली. "यानं सोडून दिलंय."

"काय सोडून दिलंय? काम तर सगळ्यांपेक्षा जास्त करतो!"

"करतो. तुम्ही थांबवलं नाही तर पडेपर्यंत करेल. त्याला काही वाटणंच बंद झालंय." मग ती नीस्तोरकडे वळली. "काका, घरी काही बदल झाला का? जोडीचा घोडा होता का? विकला?"

मी सांगितलं, सावेता गेली. डॉक्टरबाईचा हात रोयबूच्या हनुवटीखालीच होता. तिनं तो काढला नाही. मग म्हणाली, "मी रक्त घेते. आतलं काही दुखणं असेल तर कळेल."

रक्तात काही निघालं नाही. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा वर आली आणि नीस्तोरच्या अंगणात उभी राहून तिनं सांगितलं की ती रोयबूला पास करणार नाही. त्याला दुसऱ्या घोड्याबरोबर ठेवायला हवं, मोकळ्या कुरणात, काही महिने तरी. इथं, या गोठ्यात, एकटा, तो सुधारणार नाही.

कास्यान भांडला. "पोट भरलंय, पाय धड, अंगावर जखम नाही! उद्या म्हणाल घोडा हसत नाही!"

"हसत नाही म्हणून नाही. ऐकतसुद्धा नाही."

नीस्तोर पायरीवर बसून ऐकत होता. जणू दुसऱ्याच कुणाच्या घोड्याचं चाललंय.

मी डॉक्टरबाईला फाटकापर्यंत सोडायला गेलो. मला जे बोलायचं होतं ते साधं होतं. त्या अंगणात आता एकच जिवंत गोष्ट उरली होती. तो घोडा गेला तर नीस्तोर सकाळी कशासाठी उठणार? म्हणून म्हटलं, "बाई, एवढं वर्ष जाऊ द्या. पास करा. नियमात बसतोय ना सगळा?"

"पिंतिलियेकाका," ती म्हणाली, "मला कळतंय तुम्ही काय म्हणताय. पण मी तपासायला आलेय घोडा. मला दिसलं ते दिसलं. न दिसल्यासारखं कसं करू?"

"आणि माणूस?"

"माणसाचं मला येत नाही." ती गाडीत बसली. मग काच खाली केली. "एक महिना थांबते. त्यांना म्हणावं, त्याच्याशी बोला. पूर्वी बोलायचे तसं. फरक पडला तर तसं कळवा."

मी नीस्तोरला सांगितलं. त्यानं विचारलं, "काय बोलू?"

"काय म्हणजे? शिव्या दे. तुला काय शिकवायला हव्यात?"

दुसऱ्या दिवशी मी कुंपणाशी उभा राहून ऐकलं. नीस्तोर गोठ्यात होता. "ऊठ, मढ्या," तो म्हणाला. घमेल्यात शेण ओढलं. "कोल्ह्यांनी तुला न्यायला हवं होतं." शब्द तेच होते. आवाजात काहीच नव्हतं; दुकानाच्या पाटीवरचं वाचावं तसा. घोड्यानं मान वळवली नाही. नीस्तोरनं पुन्हा एकदा तेच म्हटलं. मग घमेलं उचलून बाहेर आला. मला बघितलं, ओळख दिली नाही, शेण ढिगावर टाकलं, फावड्यानं ढिगाच्या कडा सरळ केल्या.

असं त्यानं बरेच दिवस केलं. रोज. काम म्हणून करायचा, टाळाटाळ नाही. मग एका सकाळी म्होरकीच्या दोराला धरून रोयबूला कास्यानच्या फाटकात आणून उभं केलं.

"घे."

"आत ये की," कास्यान म्हणाला. "किती दिवसांसाठी?"

"घे म्हटलं ना."

"अरे पण ओट बिट, काय देतोस, किती देतोस, ते तरी सांग."

"म्येर्लाला देतोस ते दे." आणि वळून घरी गेला.

त्या उन्हाळ्यात नीस्तोर माझ्याबरोबर सालं काढायच्या कामाला आला. पडलेल्या ओंडक्यांची साल धारदार पात्यानं ओढून काढायची, वाकून करायचं काम, कंबर मोडते. घोडा नसलेल्या माणसाला दुसरं काय मिळणार. तो चांगलं करायचा. साल एका लांब पट्ट्यात निघायची, तुटायची नाही. जेवायच्या सुट्टीत आम्ही चीज आणि कांदा खायचो, तो पाणी प्यायचा, मग पुन्हा कामाला. कास्यानचं कुरण आमच्या वाटेवरच होतं. जाता येता तो तिकडे बघायचा नाही.

मी बघायचो. पहिले काही आठवडे रोयबू कोपऱ्यात उभा असायचा आणि म्येर्ला त्याच्याभोवती फिरायची. मग एक दिवस दोघं समोरासमोर उभे, एकमेकांच्या मानेवर दात घासत. मग लोळणं. मग कास्यानच्या तक्रारी सुरू झाल्या, आणि कास्यानच्या तक्रारी सगळ्या गावाला ऐकू जातात.

"तुझ्या त्या भुतानं माझं कुंपण मोडलं! बादली पालथी घातली! काल माझ्या बायकोच्या दोरीवरचा झगा पळवला, चावून चावून चिंधी केली! अरे हे जनावर आहे की कर वसूल करणारा?"

नीस्तोर साल काढत होता. थांबला नाही.

"ऐकतोस का? तुझा घोडा आहे तो!"

"ऐकतोय."

पानं पिवळी पडायला लागली तेव्हा डॉक्टरबाई कुरणात आली. मीही गेलो, नीस्तोरला घेऊन. ती समोरून चालत गेली तर रोयबूनं दुरूनच कान ताणले. बाजूनं गेली तर पाठ फिरवून म्येर्लाच्या पलीकडे गेला. हनुवटीखाली हात ठेवला तर तिच्या कोटाची बाही दातात धरली आणि सोडेना.

"सोड रे! नवीन आहे तो!" ती हसत होती. मग तिला आठवलं, थुंकली. या वेळी नीट. "पास. हवं तर उद्यापासून जुंपा. पण एकटा ठेवू नका."

कास्याननं फाटक उघडलं. "घेऊन जा रे बाबा. माझी सुटका कर. आणि एकटं ठेवायचं नाही म्हणतात तर माझ्या अंगणात आणून बांधत जा रात्रीचा, मी काय नको म्हणणार आहे?"

नीस्तोर म्होरकी घेऊन कुरणात गेला. चालत गेला, घाई नाही. रोयबूनं त्याला येताना बघितलं आणि मागं सरकला. नीस्तोर थांबला. पुन्हा पुढं गेला, मानेवर हात ठेवला, म्होरकी चढवली. गाठ मारली. रोयबूनं मान वळवली आणि त्याच्या दंडाला चावला. खेळात नाही. कडकडून. सदरा फाटला.

आम्ही धावलो. नीस्तोर तसाच उभा होता, हात न सोडवता. घोड्यानं आपणच सोडला.

"बघू," डॉक्टरबाई म्हणाली. दंडावर दातांची दोन अर्धवर्तुळं उमटली होती, मधे काळंनिळं व्हायला लागलं होतं. "दुखतंय?"

"नाही."

"बोटं हलवा. हलतायत. दुखत असणारच, काका."

त्यानं दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं तिथं दाबून बघितलं. जोरात. मग म्हणाला, "नाही दुखत."

म्येर्ला कुरणाच्या वरच्या टोकाला जाऊन खिंकाळली. रोयबूनं तिकडे मान ताणली, नीस्तोरच्या हातातला दोर सरकला. नीस्तोरनं दोराकडे बघितलं. गाठ सोडली, म्होरकी काढली, फाटकाच्या खांबाला अडकवली.

"राहू दे इथं."

"कायमचा?" कास्यान म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "अरे तसं नको. तुझा आहे तो. मी आपलं ओरडतो, माझं तोंडच तसं आहे—"

"तुझ्या घोडीबरोबर जुंप. जोडी चांगली ओढेल. ओंडक्याचं टोक आधी उचलत जा. तू उचलत नाहीस."

"उचलेन."

"नाही उचलणार," नीस्तोर म्हणाला. रागानं नाही. आणि चालायला लागला.

कास्यान खरंच उचलत नव्हता. थोडे दिवस उचललं, मग विसरला. नीस्तोर सालं काढायचं सोडून त्यांच्या टोळीत जायला लागला, आकडी घेऊन. घोडे कास्यानचे, लगाम कास्यानचा, टोक उचलायला नीस्तोर. त्याबद्दल कोणी काही ठरवलं नव्हतं. रोयबूशी तो बोलत नसे, रोयबू त्याच्याकडे फारसा बघत नसे. हाक कास्यान द्यायचा.

पहिला बर्फ पडायच्या आधी खूर कापून बर्फात न घसरणारे नाल ठोकायचे होते. कास्यानला ते जमत नाही, एक बाजू नेहमी तिरकी ठेवतो आणि मग घोडा आतल्या गुडघ्यावर भार देतो. नीस्तोर सकाळी आला, सुरी आणि कानस घेऊन. मला म्हणाला, "तोंड धर." मी म्होरकी धरून उभा राहिलो.

त्यानं पुढचा पाय मांडीवर घेतला. रोयबूनं ओढून घेतला. पुन्हा घेतला, पुन्हा ओढला. तिसऱ्यांदा घोड्यानं सगळं वजन त्याच्या पाठीवर टाकलं. नीस्तोरचे गुडघे वाकले, पण त्यानं पाय सोडला नाही. तसाच वाकलेला राहिला, घोडा कंटाळेपर्यंत. मग सुरी लावली. खुराच्या पांढऱ्या चकत्या खाली पडत होत्या, एकसारख्या जाडीच्या. कानस फिरवली, डोळा लावून सपाटी बघितली, पुन्हा फिरवली.

"बास की आता," मी म्हटलं. "सरळ दिसतंय."

"बाहेरची कड उंच आहे."

रोयबू माझ्या कोटाच्या खिशात तोंड घालत होता. मी कोपरानं ढकलत होतो आणि तो पुन्हा घालत होता. माझा खांदा भरून आला. नीस्तोरनं पाय खाली ठेवला, कंबर सरळ केली, घोड्याला वळसा घालून मागच्या पायाकडे गेला. रोयबूनं तोही ओढून घेतला. नीस्तोरनं पुन्हा धरला. अजून तीन पाय राहिले होते, म्हणून मी म्होरकी दुसऱ्या हातात घेतली आणि उभा राहिलो.